वरच्या टेबलाची पायरी

दिवाळी आणि पत्ते यांचे नाते वऱ्हाडात नव्याने सांगायला नको. लक्ष्मीपूजन आटोपले, पोरांचे फटाके संपले, की ओसरीवर सतरंजी पडते आणि एरवी सुपारीलाही न शिवणारे सद्गृहस्थ तीन पत्त्यांच्या डावाला बसतात. तेव्हा या सदरात मी यंदा जुगारावर लिहिले तर वाचक रागावणार नाहीत. फरक इतकाच, की माझा जुगार ओसरीवरचा नव्हता, मोबाइलवरचा होता. आणि पुढे जे लिहिणार आहे त्यातले निम्मे आमच्या घरात अजून ठाऊक नाही.

मी राहतो अमरावतीला आणि मराठी शिकवतो अकोल्याला. बडनेरा ते अकोला हा रोजचा रेल्वेप्रवास. डब्यात आम्हा पासधारकांचे एक मंडळ आहे. गुडघ्यांवर टॉवेल ताणून रमी चालते. २०२२ साली मंडळातल्या एका तरुण बँकवाल्याने मला मोबाइलवरचे पोकर दाखवले. प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते, मध्ये सर्वांचे मिळून पाच, आणि त्या सातांतून उत्तम पाच जुळवायचे. समोरचा पैसे कसे लावतो यावरून त्याच्या हातात काय आहे ते ताडायचे. ओळींमधले न लिहिलेले वाचायला मी जन्मभर शिकवत आलो. इथे त्याचे रोख पैसे मिळत होते!

उत्तरपत्रिका तपासल्याचे सहा हजार रुपये घेऊन मी एक-दोन रुपयांच्या टेबलावर बसलो. तिथे बसताना दोनशे रुपये घेऊन बसतात. जाणत्या खेळाडूंचा नियम असा, की ज्या टेबलावर बसायचे तिथल्या निदान तीस बैठकांचे पैसे गाठीला असावेत. म्हणजे या टेबलाला सहा हजार, दोन-पाचच्या टेबलाला पंधरा हजार आणि पाच-दहाच्या टेबलाला तीस हजार. हा हिशेब कुणा भित्र्याने मांडलेला नाही. चांगला खेळणारासुद्धा नुसत्या पत्त्यांच्या लहरीने दहा-पंधरा बैठका गमावू शकतो. तेवढे सोसून जो उरेल, त्याच्याच कौशल्याला फळ येते. शिवाय डावांतून कंपनी आपला हिस्सा कापते तो वेगळा.

मी वही घातली. तारीख, जमा, नावे, सगळे टापटिपीने. चौदा महिन्यांत सहाचे अठरा हजार झाले आणि या खेळात ज्याला त्याला पडतो तो प्रश्न मलाही पडला. वरच्या टेबलावर केव्हा जायचे? नियमाने दोन-पाचची पायरी मला मोकळी होती. पण नोकरीत एकेका पायरीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या माणसाला इथे तरी एक पायरी गाळावीशी वाटली. मला एकदम पाच-दहाचे टेबल हवे होते. बारा हजार कमी पडत होते.

त्याच आठवड्यात वर्गात लीळाचरित्र चालू होते. म्हाइंभटांच्या या तेराव्या शतकातल्या ग्रंथात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची कथा आहे. गुजरातेतल्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव द्यूतात हरले. देणे झाले. त्यांनी पत्नी कमळाइसे यांच्याकडे दागिने मागितले; त्यांनी ते दिले नाहीत. देणे पित्याने फेडले, पण हरिपाळदेवांचे मन संसारातून उडाले. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले ते आमच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला आले आणि तिथे त्यांना गोविंदप्रभू भेटले. त्या नकाराने केवढा इतिहास घडवला, हे मी मुलांना चांगले रंगवून सांगितले.

आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन सौभाग्यवतींकडे पोस्टातल्या आरडीतले बारा हजार मागितले! वाचकहो, आपण काय शिकवतो हे आपल्याला ऐकू येत नाही, हा मास्तरकीतला जुनाच दोष आहे.

त्या रागावल्या नाहीत. वही मागून घेतली आणि शांतपणे पाने उलटली.

"वर केव्हा जायचं ते इथं लिहिलंय. खाली केव्हा यायचं ते कुठं लिहिलंय?"

"खाली कशाला यायचं?" मी म्हणालो.

"मग राहू द्या आरडी पोस्टातच," असे म्हणून त्या कुकर लावायला गेल्या.

घरात ठाऊक आहे ती गोष्ट इथे संपते. पुढचे आता सांगतो.

मी होत्या त्या अठरा हजारांवरच वर गेलो. पहिल्या तीन दिवसांत चार हजार जिंकलो आणि नियम मूर्खांसाठी असतात अशी माझी खात्री पटली. मग ओहोटी लागली. बारा हजार उरले, दहा उरले. तेव्हा उठून दोनशेच्या टेबलावर परत जायला हवे होते. पण तिथली मंडळी आता मला बालवर्गातली वाटू लागली होती. पाच आठवड्यांत वही कोरी झाली. एवढ्यावर थांबलो असतो तर सहा हजारांतच सुटलो असतो. पण पतसंस्थेतून वीस हजार उचलले आणि तेही बहुतेक त्याच टेबलावर घातले. दोन वर्षे त्याचा हप्ता पगारातून कापला जात होता. घरी सांगितले की विम्याचा आहे.

धर्मराजाची कथा आपण सगळे जाणतो. प्रत्येक हरण्यानंतर त्याचा पण चढतच गेला. उलट, जॉन केली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली पैजेचे गणित मांडले, त्याचे सार असे, की हाती जेवढे असेल त्याचा ठरावीक भागच लावावा. म्हणजे जवळचे घटले की लावायचेही आपोआप घटले पाहिजे. खाली येणे त्या गणितातच बसवलेले आहे. माझ्या वहीत ते नव्हते.

हे मी कुणाला सांगितले असेल तर आमच्या डब्यातल्या मुनीमकाकांना. जिनिंगमध्ये उभा जन्म गेलेला माणूस. त्यांनी कापसाचा दाखला दिला. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, म्हणून पुढच्या हंगामात कित्येकांनी तो घरात भरून ठेवला आणि अखेर सात-आठ हजारांनी विकला. मूर्तिजापूर येईपर्यंत काका गप्प होते. मग म्हणाले, "सर, भाव चढला का समद्याईले दिसते. उतरला का कोनी पाहातच नाही."

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा झाला. टेबले बंद पडली. माझ्या खात्यात उरलेले अकराशे रुपये बँकेत परत आले. मी स्वतःहून खाली उतरलो असे म्हणायची सोय राहिली नाही, एवढीच खंत आहे.

हा अंक घरी आला की सौभाग्यवती आधी माझे सदर वाचतात आणि मग चकल्यांकडे वळतात. यंदा चकल्यांना थोडा उशीर होईल असे दिसते. पतसंस्थेचा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला. त्याची पावती वहीत घालून वही दिवाणखान्यात ठेवली आहे. ओसरीवरच्या डावाला यंदा किती घेऊन बसायचे आणि केव्हा उठायचे, ते त्यांनीच ठरवावे.