तो हात आडवा का आला?

पारगाव म्हटलं की पहिला प्रश्न, ‘कुठलं?’ जुन्नर तालुक्यात एक पारगाव आहे, आंबेगाव तालुक्यात एक. माझ्या मामाचं आंबेगावातलं, भीमाशंकर साखर कारखान्याचं. दिवाळीला तिकडे गेलं की दिवसभर फराळ आणि अंधार पडला की सगळे घरात. चहूकडे ऊस, उसात बिबट्या, त्यामुळे रात्री उगाच कुणी बाहेर फिरत नाही. माझ्या लहानपणी अशा वेळी पडवीत भुताच्या गोष्टी रंगायच्या. यंदा काय रंगलं माहितीये? जपानी ॲनिमे. त्यातही स्पोर्ट्स ॲनिमे!

मी चाटच पडले. पुण्यात आम्ही चार-पाच जण कॅफेत बसून ॲनिमेवर गप्पा ठोकतो, तेव्हा आपण काहीतरी जाम हटके करतोय असा आमचा गोड समज असतो. इथे शेंगा फोडत फोडत तोच वाद चालला होता, आणि आमच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

वाद होता ‘युरी!!! ऑन आइस’वरून. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१६ची बारा भागांची सीरिज. फिगर स्केटिंगमध्ये सपाटून आपटलेला जपानी युरी आणि त्याचा कोच होऊन येणारा रशियन चॅम्पियन व्हिक्टर. सातव्या भागात युरीचा परफॉर्मन्स संपतो, व्हिक्टर धावत येऊन त्याच्यावर झेप घेतो आणि... नेमका हात आडवा येतो. ओठ दिसतच नाहीत. किस होता की नुसती मिठी? जगभरचे फॅन तेव्हापासून भांडताहेत.

मामेभाऊ कबड्डीवाला. त्याचं म्हणणं, ‘‘तसं काय नाय गं ताई. मॅच काढली की आम्ही पण एकमेकांच्या अंगावर पडतो. लगेच लफडं असतंय का? गेम बघा ना, गेम!’’

मामेबहीण मंचरला कॉलेजात. ती कसली ऐकतेय! ‘‘आणि दहाव्या भागात अंगठ्या घातल्या त्या? तू घालतोस का तुझ्या कॅप्टनला?’’

पडवीत हशा. पण पॉइंट दोघांकडेही होता. गेम खरोखरच दणदणीत आहे. यातल्या स्केटिंगची कोरिओग्राफी केंजी मियामोतो या माजी आइस डान्सरने केली. २०१८च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जपानच्या एका जोडीने याच सीरिजच्या म्युझिकवर स्केटिंग केलं. आणि बहिणीचं म्हणाल, तर अंगठ्या पाहून मित्र लग्नाच्या शुभेच्छा देतो, तेव्हा व्हिक्टर सांगतो की ही एंगेजमेंटची अंगठी, गोल्ड मिळालं की लग्न! युरीचं गोल्ड हुकतं फक्त ०.१२ पॉइंटने. आता बोला!

आता वादात मी पडणार नाही, असं होईल का? मास कॉमची डिग्री घेतलीये, ती कुठेतरी वापरायला नको? मी म्हटलं, तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय.

पहिली गोष्ट फॅनसर्व्हिस. म्हणजे कथेला गरज असो वा नसो, फॅन खूश व्हावेत म्हणून टाकलेला मसाला. ‘फ्री!’ नावाची स्विमिंगवरची सीरिज आठवा. २०१३ मध्ये क्योतो ॲनिमेशनने पोहणाऱ्या मुलांची अर्ध्या मिनिटाची एक जाहिरात काढली, पोरी अक्षरशः वेड्या झाल्या आणि त्याच वर्षी अख्खी सीरिज आली. तेव्हा कित्येक मुलगे चिडले होते, हे काय चाललंय म्हणून! वर्षानुवर्षं पावसात भिजणारी हिरॉइन पाहताना कुणाला काही वाटलं नव्हतं. कॅमेरा मुलांच्या खांद्यावर गेला आणि एकदम खेळाच्या पावित्र्याची आठवण झाली. आपल्याकडे ‘दोस्ताना’ आला २००८ मध्ये. समुद्रातून बाहेर येणारा जॉन अब्राहम, ती फॅनसर्व्हिसच होती की! मला त्यात काही वावगं वाटत नाही. यात्रेच्या आखाड्यात लंगोटातले पैलवान आपण पिढ्यान् पिढ्या बघतोय. फरक इतकाच, की त्या गर्दीत बायका फारशा नसायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे सूचकता. इथे खरा घोळ आहे. १९८१ मध्ये ‘कॅप्टन त्सुबासा’ ही फुटबॉलची मांगा सुरू झाली. मुलांसाठी काढलेली. पण जपानी मुलींनी त्यातल्या खेळाडूंच्या जोड्या जुळवल्या, स्वतः कॉमिक्स काढली, छापली, विकलीसुद्धा. तेव्हापासून धंद्याचा फंडा क्लिअर आहे. दोन हिरो एकमेकांकडे टक लावून बघतात, एकमेकांसाठी रडतात, पण शब्दाने कुणी काही म्हणायचं नाही. ज्यांना प्रेम हवं त्यांना प्रेम दिसतं, ज्यांना मैत्री हवी त्यांना मैत्री. पोस्टर दोघंही घेतात, तिकीट दोघंही काढतात.

‘‘आणि तेच तर ब्यूटिफुल आहे ना!’’ मी समारोप केला. ‘‘सगळं उघड सांगितलं की मजा जाते.’’ हे वाक्य मी कॅफेत अनेकदा टाकलंय. दरवेळी हिट जातं.

भावाच्या टीममधला एक मुलगा इतका वेळ कोपऱ्यात शेंगा खात बसला होता. तो पहिल्यांदाच बोलला. ‘‘पण ताई, हिरो-हिरॉइन असती तर हात आडवा आला असता का?’’

कुणी काहीच बोललं नाही. मग मामीने जेवायला हाक मारली आणि विषय संपला. माझ्या डोक्यातला काही संपला नाही.

गावात दोन मुलं गळ्यात हात टाकून फिरली, एका बाईकवर बसली, एका अंथरुणात झोपली तरी कुणाची भुवई वर होत नाही. शहरापेक्षा इथे मुलांची माया जास्त मोकळी आहे. भाऊ वैतागतो तो त्यामुळेच. उद्या प्रत्येक मिठीला लोक नाव ठेवायला लागले तर आमची मैत्रीच अवघडून जाईल, ही त्याची भीती खोटी नाही. पण या मोकळेपणाला एक अट आहे. नाव घ्यायचं नाही. जोवर नाव नाही तोवर सगळं चालतं. मग ज्याला नाव घ्यावंसं वाटतं त्याने काय करायचं?

आपल्या मराठीत हे नाव घेतलं गेलंय. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, ‘त्सुबासा’ सुरू झाली त्याच वर्षी. सचिन कुंडलकरची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ची. तेव्हा ३७७ कलम जिवंत होतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा त्यातला भाग सुप्रीम कोर्टाने काढला ६ सप्टेंबर २०१८ला. म्हणजे कायदा आडवा असताना लिहिणाऱ्यांनी लिहिलं. ‘युरी’वाल्यांनीही अंगठ्यांपर्यंत मजल मारली, हे त्यांचं क्रेडिट. तरी तो हात राहिलाच.

दुसऱ्या दिवशी मला मंचरच्या एसटी स्टँडवर सोडायला तोच मुलगा आला. भावाला शेतात पाणी धरायचं होतं. तो तसा आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, ते माझं कामही नाही. वाटेत त्यानेच विचारलं, ‘‘ताई, त्याचा पिक्चर येणार होता ना?’’

येणार होता. २०१७ मध्ये घोषणा झाली, मग पुढे ढकलला आणि एप्रिल २०२४ मध्ये कॅन्सल झाला. मी सांगितलं.

‘‘वाटलंच,’’ तो म्हणाला. मग मंचर येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प.

परत आल्यावर कॅफेत तोच विषय निघाला. एकाने माझंच हिट वाक्य मला ऐकवलं, की सगळं उघड सांगितलं तर मजा जाते. मी विचारलं, ‘‘मजा कुणाची?’’