ओआरएसचे नाव, साखरेचे पाणी

मुलाला जुलाब लागले की आईबाप मेडिकलमध्ये धाव घेतात आणि ‘ओआरएस द्या’ म्हणतात. हे त्यांना आपसूक कळलेले नाही. डॉक्टर, परिचारिका, अंगणवाडीसेविका आणि आशाताई यांनी वर्षानुवर्षे घरोघरी सांगून ते लोकांच्या मनात रुजवले आहे. याच विश्वासाचा फायदा काही पेयकंपन्यांनी उचलला. नावात ओआरएस ही अक्षरे घालून, मागेपुढे एखादे अक्षर जोडून, फळांच्या चवीची गोड पेये औषध दुकानांत खऱ्या पुड्यांशेजारी मांडली गेली. आजारी लेकरासाठी घाईने आलेल्या बापाने मागितले औषध आणि त्याच्या हाती पडले सरबत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने हा प्रकार थांबवला. कोणत्याही खाद्यपेयाच्या नावात, अगदी व्यापारचिन्हाचा भाग म्हणूनही, ओआरएस ही अक्षरे वापरता येणार नाहीत, असा आदेश निघाला. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी आठ वर्षे एकाकी झुंज दिली होती. पुढे कंपन्या न्यायालयात गेल्या, तेव्हा एका कंपनीच्या याचिकेत दिल्ली उच्च न्यायालयाने या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. डॉ. संतोष यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. पण जे उघड चूक होते ते थांबवायला एका डॉक्टरला आठ वर्षे का झगडावे लागले, हा प्रश्न त्या अभिनंदनाखाली झाकला जाता कामा नये.

कारण या पेयांवर आधीही बंधन आले होते. मात्र जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने सवलत दिली: ‘हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेले ओआरएस नाही’ एवढी सूचना वेष्टनावर छापा आणि नाव खुशाल वापरा. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत जे सांगायचे, ते बारीक अक्षरांत नाकारायचे, याला ग्राहकाला सावध करणे म्हणत नाहीत. रात्री अकरा वाजता कण्हणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन उभी असलेली आई वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचत बसत नाही. ती नाव वाचते आणि नावावर विश्वास ठेवते. म्हणून नावच खरे असले पाहिजे.

खऱ्या ओआरएसमध्ये साखर असते, मग गोड पेयाने असे काय बिघडते, असे काहींना वाटते. सगळे गणित प्रमाणाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि मिठातले सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात ओढले जाते. जुलाबातही ही वाट सहसा शाबूत राहते. ओआरएसची सारी किमया एवढीच. बाजारातल्या गोड पेयांत लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते आणि मीठ मात्र गरजेपेक्षा फार कमी. अशी दाट साखर आतड्यात गेली की पाणी उलट दिशेने, शरीरातून आतड्यात खेचले जाते. जुलाब वाढतात, मूल आणखी सुकते. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंचे अतिसार हे आजही मोठे कारण आहे, अशा जगात हा दोष किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

या उपायाच्या इतिहासातला एक मोठा अध्याय आपल्याच देशातला आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि सलाईन अपुरे पडत होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा मोजून पुड्या बांधल्या आणि त्यांचे पाणी रुग्णांना नातेवाइकांच्या हातून पाजले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. त्या पाण्याला ना रंग होता, ना फळाची चव. होते ते अचूक प्रमाण.

आरोग्याचा सल्ला पारखण्याची कसोटी यातूनच मिळते. त्यात नेमके काय आणि किती आहे, ते शरीरात काय करते आणि ते कोणी तपासले आहे, हे विचारावे. आकर्षक वेष्टन, ‘एनर्जी’, ‘इलेक्ट्रोलाइट’ असले शब्द किंवा औषध दुकानातली जागा हे यातल्या कशाचेच उत्तर नव्हे.

हीच कसोटी घरातल्या समजुतींनाही लावायला हवी. जुलाबात पाणी पाजले तर जुलाब वाढतात, अंगावरचे दूध बंद करावे, दात येताना जुलाब व्हायचेच, सलाईन लावल्याशिवाय उतार पडत नाही: या चारही समजुती चुकीच्या आहेत आणि पहिल्या दोन तर जीवावर बेतणाऱ्या. बाळाला अंगावर पाजत राहावे, मोठ्या मुलाला नेहमीचे जेवण द्यावे. जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पुडी जेवढ्या पाण्यासाठी असेल तेवढ्याच पाण्यात कालवावी. लिटरची पुडी पेल्यात ओतू नये. पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा विरघळवून घोट घोट पाजावे. सोबत डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे झिंक द्यावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त आले किंवा पोटात काहीच ठरेना, तर तडक दवाखाना गाठावा.

आदेश निघाला, आता अंमलबजावणी हवी. अन्न व औषध प्रशासनाने दुकाने तपासावीत. नाव बदलून तेच पेय त्याच फळीवर पुन्हा येणार नाही, हे पाहावे. औषध विक्रेत्यांनी ओआरएस मागणाऱ्याच्या हाती प्रमाणित पुडीच द्यावी आणि ती कशी कालवायची हेही सांगावे. सरकारी दवाखान्यात फुकट आणि बाजारात थोडक्या रुपयांत मिळणाऱ्या या औषधाची जाहिरात करण्यात कुणाला मोठा नफा नाही. म्हणूनच त्याचा प्रचार ही शासनाची जबाबदारी ठरते. पेयकंपन्या जाहिरातींवर जेवढा जोर लावतात, तेवढाच शासनाने या पुडीसाठी लावला पाहिजे.