कलनाचा तास आणि आंबवड्याचा पूल

भोर तालुक्यातील आंबवडे गावी संस्थानी काळातला झुलता पूल आहे. नागेश्वराच्या दर्शनाला आलेली मुले त्यावर उभी राहून पूल हलवून पाहतात. अशा पुलाचा दोर मध्ये झुकलेला असतो. त्या झुकलेल्या रेषेचा आकार कोणता, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

उत्तर अवघड नाही. दोराचे स्वतःचे वजन तूर्त सोडून देऊ. सर्वांत खालच्या बिंदूपासून जितके दूर जावे, तितके पुलाचे जास्त वजन दोराच्या तेवढ्या भागाला पेलावे लागते. आडवा ताण सर्वत्र सारखाच राहतो. म्हणून दोराचा चढ अंतराच्या प्रमाणात वाढतो. आता समाकलन केले की उंची अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात येते. हाच अन्वस्त.

नुसत्या टांगलेल्या साखळीचे वजन मात्र आडव्या अंतरावर नव्हे, तर तिच्या लांबीवर सारखे वाटलेले असते. एवढ्याने वक्र बदलतो. तो अन्वस्ताशी जुळतो असे गॅलिलिओला वाटले होते. खरे उत्तर १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निझ व योहान बर्नुली यांनी दिले.

महाविद्यालयातील कलनाच्या वर्गात नेमकी हीच अपेक्षा असते. सूत्र पाठ असणे पुरेसे नाही. ते का लागू पडते आणि कोठे पडत नाही, हे सांगता आले पाहिजे. शाळेत नमुन्याची उदाहरणे घोटून गुण मिळविलेल्या मुलांना हा बदल कोणी सांगत नाही. त्यातून दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांना पुढे इंग्रजी शब्दांशीही झुंजावे लागते. पहिल्या चाचणीत गुण घसरले की, 'गणित आपले काम नव्हे' असे ठरवून ती मोकळी होतात. यात बुद्धीचा दोष नसतो. न सांगितलेल्या अपेक्षेचा असतो.

म्हणून शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगावे: आठवड्याला किती उदाहरणे करायची, गुण कशाला मिळतील, पायऱ्या कशा लिहायच्या. वर्ग मोठे असतात, सगळ्या वह्या तपासणे होत नाही, हे खरे. पण आठवड्याला एकच उदाहरण नीट तपासून, चूक कोठे झाली ते दाखवून परत दिले, तरी पुष्कळ झाले.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही गाइडातील उत्तर झाकून ठेवा. वर्गातल्या एका तासामागे घरी निदान तासभर स्वतः सोडवा. अडलात तर कोठे अडलो ते वहीत लिहा आणि तेवढेच विचारा.

सुरुवात आजच करा. भिंतीवर कागद लावून त्यापुढे एक बारीक साखळी चांगली सैल टांगा व तिचा वक्र गिरवा. अन्वस्त असेल तर मध्यापासून निम्म्या अंतरावर उंची टोकाच्या उंचीच्या बरोबर चौथाई भरेल. मोजून पाहा. ती चौथाईहून थोडी कमीच का भरते, याचे उत्तर शोधताना तुमचा कलनाचा पहिला धडा झालेला असेल.