फांदी नव्हे, वड हवा!

ज्येष्ठ पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी शहरांतील मंडईत एक दृश्य हमखास दिसते. आंबे, जांभळे आणि सुताच्या गुंड्यांशेजारी वडाच्या हिरव्यागार फांद्यांचे ढीग रचलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्या पाटावर मांडून पूजल्या जातात आणि तिसऱ्या दिवशी कचराकुंडीपाशी त्यांचाच ढीग साचतो. ज्याच्या साक्षीने दीर्घायुष्य मागायचे, त्याचेच अवयव तोडून घरी आणायचे, या विसंगतीकडे हिंदू समाजाने डोळसपणे पाहिले पाहिजे.

यात सकाळची लोकल गाठण्यापूर्वी घाईघाईने व्रत सांभाळणाऱ्या गृहिणीला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तिच्या घराजवळ वडच उरलेला नाही, हे खरे दुखणे आहे. फांद्यांचा बाजार हा त्या दुखण्याचा परिणाम आहे.

वडाला आपल्या परंपरेने जे स्थान दिले, ते अकारण नाही. संस्कृतात त्याला ‘न्यग्रोध’ म्हणतात. न्यग्रोध म्हणजे खालच्या दिशेने वाढणारा. फांद्यांवरून उतरलेल्या पारंब्या भूमीत रुजतात, कालांतराने त्यांचीच खोडे होतात आणि ज्या वृक्षाने त्यांना जन्म दिला त्याचा भार त्या पेलतात. मूळ खोड जीर्ण झाले तरी वृक्ष उभा राहतो. कुटुंब, समाज आणि राष्ट्र यांच्या सातत्याचे याहून समर्पक प्रतीक सापडणे कठीण. वड हा भारताचा राष्ट्रीय वृक्ष आहे आणि संघटनेच्या वाढीचे वर्णन करताना कार्यकर्त्यांच्या तोंडी वटवृक्षाचीच उपमा येते. परंतु प्रत्यक्ष वृक्ष नाहीसा झाल्यावर उपमा किती काळ जिवंत राहील?

महाभारताच्या वनपर्वातील सावित्रीची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. सत्यवानाला मरणप्राय वेदना सुरू झाल्या त्या अरण्यात लाकडे फोडत असताना, हा तपशील मात्र सहसा लक्षात राहत नाही. सावित्रीने त्याचे प्राण परत मिळवले ते निष्ठेने, धैर्याने आणि विवेकाने. तिच्या व्रतात तोच विवेक उतरावा, ही अपेक्षा वावगी नाही.

हा विवेक आपल्याला नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे नियम आहेत. आंबा, फणस यांसारख्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असे तेथे बजावले आहे. एखादे झाड जीर्ण होऊन उपयोगाचे राहिले नसेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच ते तोडावे, अशी शिस्त होती. अशीच वृक्षनिष्ठा राजस्थानातही दिसते. 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली येथे खेजडीची झाडे वाचवण्यासाठी अमृतादेवींसह 363 बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. त्यांच्यासाठी वृक्षरक्षण हा धर्माचरणाचाच भाग होता.

वटपौर्णिमा आली की स्वतःला पुरोगामी म्हणवणारी मंडळी या व्रताची टिंगल करतात. तिला शब्दांनी उत्तर देणे सोपे आहे. परंतु कचराकुंडीपाशी पडलेल्या फांद्या आपल्याच विरुद्ध साक्ष देत असतील, तर ते शब्द पोकळ ठरतात. परंपरेचे रक्षण आचरणाने होते.

त्यासाठी मार्ग आहेत. महाराष्ट्रात नागरी भागातील वृक्षांच्या संरक्षणासाठी 1975 चा कायदा आहे. 2021 च्या सुधारणेने 50 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्षांचा दर्जा दिला. वृक्षतोडीची नोटीस लागते, हरकतीसाठी मुदतही असते, पण ती नोटीस वाचणारे किती असतात? 2020 साली सांगली जिल्ह्यातील भोसे येथे लोकांनी आग्रह धरला, म्हणून महामार्गाच्या वाटेतील सुमारे 400 वर्षांचा वड तोडण्याचा बेत मागे घ्यावा लागला. विकासाला विरोध न करताही वृक्ष वाचवता येतो, हे त्यातून दिसले.

पावसाळ्यात रोप लावून छायाचित्र काढणे सोपे असते. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालतो, ही खरी कसोटी आहे. वडाला मोकळी जागा लागते. ती मंदिराच्या आवारात, गावच्या गायरानात, शाळेच्या मैदानाच्या कडेला मिळू शकते. प्रत्येक वस्तीने एक वड दत्तक घ्यावा, त्याच्या बुंध्याभोवतीचे काँक्रीट काढावे आणि वटपौर्णिमेला सर्व घरांतील स्त्रियांनी तेथे एकत्र यावे. ज्यांना तेथवर जाणे शक्य नाही, त्यांनी कुंडीतील रोपाची पूजा करून ते पुढे योग्य जागी लावावे. व्रतही घडेल आणि समाजही जोडला जाईल.

सात जन्मांची साथ ज्या वृक्षाच्या साक्षीने मागितली जाते, तो पुढच्या पिढीला निदान या जन्मी तरी पाहायला मिळावा, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.