जिप्सी उचलायची आहे? आधी तिची मूळ उंची परत द्या



ऑफ-रोड गाड्यांचं वर्कशॉप टाकायचं आहे, असं सांगणारी बरीच मंडळी हल्ली भेटतात. कोणाकडे हायवेलगत जागा आहे, कोणाच्या हाताशी चांगला वेल्डर आहे. आणि पहिली सर्व्हिस जवळपास सगळ्यांच्या डोक्यात एकच असते: जुनी जिप्सी, सस्पेन्शन लिफ्ट आणि मोठे टायर. रेटकार्डसुद्धा इंचावर. दोन इंचाला इतके, चार इंचाला इतके.

माझं मत वेगळं आहे. इंच विकू नका. जुन्या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये टिकणारा धंदा आहे तो गाडीची मूळ उंची परत आणून देण्याचा. कसं, ते बघा.

गिऱ्हाईक मागतो काय, त्याला हवं असतं काय

जिप्सी 1985 मध्ये आली आणि आता कंपनीने ती बंद केली आहे. म्हणजे तुमच्याकडे येणारी प्रत्येक जिप्सी जुनीच असणार. पुढे-मागे दोन्हीकडे सरळ ॲक्सल आणि पाटे. इतक्या वर्षांत पाट्यांची कमान गेलेली असते, बुश खाल्लेले असतात, शॉक ॲब्सॉर्बर नावाला उरलेले असतात. गाडी खाली बसलेली, खड्ड्यात आपटते. मालक म्हणतो, "दोन इंच वर करून द्या."

अशा वेळी आधी टेप काढा. गाडी सपाट जागेवर, चारही टायरमध्ये हवा बरोबर. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं माप घ्या आणि कागदावर लिहा. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर ते गिऱ्हाइकाला तिथेच दाखवा. मग त्याला कळतं की गाडीला उंची वाढवायची गरज नाही, हरवलेली उंची परत हवी आहे. नवे किंवा नीट कमान देऊन सेट केलेले पाटे, सगळे बुश, शॅकल पिन, शॉक आणि नवे यू बोल्ट. एवढ्यावर बरीच गिऱ्हाइकं खूश होऊन जातात.

उंची वाढवण्याचे मार्ग आणि त्यांची बिलं

तरीही कोणी लिफ्टच मागितली, तर प्रत्येक मार्गाची किंमत तुम्हाला तोंडपाठ हवी.

लांब शॅकल हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी साधारण एकच इंच उचलते. शिवाय पुढच्या ॲक्सलचा कोन बदलतो, कॅस्टर बिघडतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटायला लागते. पाट्यात एक जास्तीचा पाटा घातला तर उंची मिळते, पण सस्पेन्शन कडक होतं. रिकाम्या गाडीत पाठीची वाट लागते. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ब्लॉक टाकणं हे मागे एक वेळ चालेल, पुढच्या ॲक्सलला कधीच नाही. ब्रेक मारल्यावर तिथे येणारा जोर ब्लॉकला सरकवू शकतो.

शेवटचा मार्ग म्हणजे ॲक्सलखालचे पाटे काढून ॲक्सलच्या वर बसवणे. जिप्सीत यातून चार-पाच इंच मिळतात, म्हणून तरुण पोरांना हा भारी वाटतो. पण मग स्टीअरिंगचा ड्रॅग लिंक बदला, प्रोपेलर शाफ्टचा कोन सांभाळा, ब्रेक होज लांब करा, शॉक लांब घ्या, आणि जोर लावल्यावर ॲक्सल पिळवटू नये याची सोय करा. हे वेल्डिंगचं काम नाही, इंजिनिअरिंगचं काम आहे.

आणि एक गोष्ट गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. पाटे आणि शॅकलने बॉडी वर जाते, डिफरन्शियल जागच्या जागी राहतो! दगडावर आपटणारा तो गोळा फक्त टायरच्या त्रिज्येने वर येतो. जिप्सी किंगच्या 205/70 आर 15 टायरऐवजी 235/75 आर 15 घातला, तर व्यास साधारण 65 मिलिमीटरने वाढतो आणि डिफरन्शियल फक्त 33 मिलिमीटर वर येतो. त्याच टायरवर स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 66 च्या आसपास पळत असेल. बॉडी वर गेल्याने गुरुत्वमध्यही वर जातो, म्हणजे वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. घाट उतरताना हा हिशोब चुकता करावा लागतो.

कायदा तुमच्याही दारात येतो

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हाच मुद्दा ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं. नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. डीलरला मात्र दर गाडीमागे 1 लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि या कायद्यात 'डीलर'च्या व्याख्येत गाड्या दुरुस्त करणाराही येतो. म्हणजे गॅरेजवाले तुम्ही!

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. जुनी जिप्सी तपासणीसाठी आरटीओत जाणारच आहे. तिथे ती अडली किंवा अपघातानंतर विमा कंपनीने बोट ठेवलं, तर मालक पहिला फोन तुम्हाला करणार. कंपनीच्या मापाचा पाटा बसवणं ही दुरुस्ती आहे, तिथे ही भानगडच नाही.

आता हिशोब

आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा लिफ्टचं काम 40,000 ला घेतलं. सामान 24,000, मजुरी 6,000, हातात 10,000. मग गाडी भरकटते म्हणून परत आली, शाफ्ट थरथरतो म्हणून परत आली, होज ताणतो म्हणून परत आली. एका फेरीला मजुरी आणि सामान मिळून 3,500 धरा. तीन फेऱ्यांत 10,500. नफा गेला, वर 500 खिशातून.

मूळ उंचीचं काम समजा 25,000 चं. सामान 16,000, मजुरी 4,000, हातात 5,000. गाडी एकदाच परत येते, 500 किलोमीटरनंतर यू बोल्ट आवळायला, तेही तुम्ही बोलावलं म्हणून. आणि हाच हात, हीच हत्यारं बोलेरो पिकअपच्या आणि टाटा एसच्या पाट्यांनाही चालतात. जिप्सीवाला हौसेने येतो, पिकअपवाल्याची गाडी उभी राहिली तर त्याची रोजची कमाई बुडते. तो वारंवार येणारं गिऱ्हाईक आहे.

तुम्ही म्हणाल, "सर, आपण नाही म्हटलं तर तो शेजारच्याकडे जाईल." जाऊ द्या. गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांसाठी, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाड्या बनवणं हा वेगळा धंदा आहे. तिथे फॅब्रिकेशनचा खरा जाणकार हवा आणि वेगळा दर हवा. रस्त्यावर बायको-मुलांना घेऊन फिरणाऱ्या गाडीवर तो प्रयोग करू नका.

या आठवड्यात एक काम करा. एका पानाचं जॉब कार्ड छापून घ्या: चारही चाकांची आधीची मापं, बुश, शॉक, यू बोल्ट, ब्रेक होज, शाफ्टचे क्रॉस यांची स्थिती, कामानंतरची मापं, 500 किलोमीटरच्या तपासणीची तारीख आणि गिऱ्हाइकाची सही. काम संपल्यावर चेसिस जॅकवर घेऊन ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळू द्या आणि होज ताणत नाही ना ते त्याच्यासमोर दाखवा. तपासणीचे वेगळे पैसे घ्या, फुकट करू नका. पहिल्या दहा गाड्यांची कार्डं जपून ठेवा, तुमचं खरं रेटकार्ड त्यातूनच तयार होईल.