जमिनीचा वाद, नादाचा विसर

कोरेगाव पार्कमधील ओशो आश्रमाचे दोन भूखंड १०७ कोटी रुपयांना विकण्यास धर्मादाय सहआयुक्तांनी डिसेंबर २०२३ मध्ये परवानगी नाकारली. या वादात जमिनीच्या मोलाची भरपूर चर्चा झाली. त्या जमिनीवर घडलेल्या संगीताचे मोल मात्र दुर्लक्षितच राहिले.

जर्मनीत १९४५ साली जन्मलेले गेऑर्ग डॉयटर सत्तरच्या दशकात या आश्रमात आले. बासरी, सतार, गिटार, पुढे तिबेटी नादपात्रे अशी नाना संस्कृतींची वाद्ये स्वतः वाजवून, ध्वनिमुद्रणात स्वरांचे थर रचणे ही त्यांची पद्धत. येथील ‘डायनॅमिक’, ‘कुंडलिनी’, ‘नादब्रह्म’ या ध्यानांचे संगीत त्यांचेच. कुंडलिनी ध्यानाचे प्रत्येकी १५ मिनिटांचे चार टप्पे असतात: अंग थरथरू देणे, नृत्य, स्वस्थ बसणे आणि अखेरीस नि:शब्द विश्रांती. संगीताला याच चौकटीत चालावे लागते आणि शेवटी स्वतःच थांबावे लागते.

सवाई गंधर्व महोत्सवात मुरलेल्या रसिकाला यात रागविस्तार सापडणार नाही. परंतु वारकरी भजनाला तरी ख्यालाची कसोटी कोण लावतो? संगीताचे मूल्य त्याच्या प्रयोजनावरून ठरावे.

राजा दिनकर केळकर संग्रहालयाने जुनी वाद्ये जपली. पुण्यात जन्मलेल्या या नादाची नोंदही शहराने ठेवायला हवी. भूखंडांचा निर्णय न्यायासनापुढे होईल. स्मृतीचा निर्णय पुणेकरांच्याच हाती आहे.