खाऊ पुरे, अंगणवाडी हवी

नाताळच्या सुटीत आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे महाबळेश्वरी जातात, कृष्णेचा उगम पाहतात, स्ट्रॉबेरी खाऊन परततात. तीच कृष्णा पुढे वाई, कराड, सांगलीकडे वाहते आणि तिच्या पाण्यावर उसाचे मळे पोसले जातात. नेमक्या त्याच दिवसांत त्या मळ्यांच्या कडेला, पाचटाच्या व प्लॅस्टिकच्या कोप्यांतून, बीड-जालन्याकडून आलेल्या ऊसतोड मजुरांची कच्चीबच्ची थंडीत कुडकुडत असतात. ती बेघर आहेत, असे आम्ही म्हणतो.

‘‘बेघर कशी? गावी घर आहे की!’’ असे आम्हांस सुनावले जाते. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचे जवळजवळ निम्मे आयुष्य कोपीत सरते, आणि मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती याच वयात. गावातले कुलूपबंद घर त्याच्या काय कामाचे? नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल फेडायची, खाडा परवडत नाही. पहाटे दोघेही फडात जातात आणि तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. एकाच वेळी दोन बालपणे करपतात. लस चुकते, वजन होत नाही, पूरक आहार गावच्या नोंदवहीतच राहतो.

यावर आपण काय करतो? नाताळात ब्लँकेटे आणि खाऊ वाटतो. या दातृत्वाची आम्ही टिंगल करीत नाही. पण बालकाला हवे ते रोज हवे : पोटभर सकस अन्न, ओळखीचा मायाळू चेहरा, निर्धास्त झोप, खेळ, त्याच्याशी बोलणारे माणूस. वर्षातून एकदा येणारी आपली जीप हे देऊ शकत नाही.

शिवाय हा दयेचा प्रश्नच नव्हे. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून चालू आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला अंगणवाडीतून आहार मिळणे हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्क ठरला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत व अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यास तीन महिन्यांत ती मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी बजावले. ‘‘वस्ती तात्पुरती आहे’’ ही सबब चालणार नाही. कोणती टोळी कोठे येणार, हे कारखान्याला हंगामापूर्वीच ठाऊक असते. मग ते शासनाला का ठाऊक नसावे? आणि मागणीनंतर तीन महिने लागणार असतील, तर ती पावसाळ्यातच करावयास हवी.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : खाऊच्या पुड्यांआधी वही हाती घ्या. यंदा कोप्यांतील मुले मोजा, पुढच्या हंगामाआधी बालविकास प्रकल्प कार्यालयात लेखी मागणी करा, कारखान्याकडे पाळणाघरासाठी जागा मागा, आणि उत्तर मिळेपर्यंत उंबरठा सोडू नका.

आपण ज्याच्यासाठी गोठा सजवितो, त्या बाळाचे आईबाप नावनोंदणीसाठीच प्रवासाला निघाले होते. कृष्णाकाठच्या या बाळांची नावे मात्र अजून कोणत्याच वहीत नाहीत.